धावत्या मुलाचा पेसमेकर

पेसमेकर बसवून घरी निघालेल्या मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर तळाशी बहुधा एक ओळ असते : 'जड व्यायाम टाळावा.' डॉक्टरांना ती लिहायला क्षणभर लागतो, मूल ती पुढे वर्षानुवर्षे पाळत बसते. कार्ड शाळेत जाते, पी.टी.चे सर ते वाचतात, आणि मग खेळाच्या तासाला त्या मुलाच्या वाट्याला इतरांच्या पाण्याच्या बाटल्या राखणे आणि फार तर स्कोअर लिहिणे एवढेच येते. घरी आजी असतेच. 'दमशील रे, बस जरा' हे तिचे दिवसातून चारदा. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. पण 'जड' म्हणजे किती जड हे कार्डावर लिहिलेले नसते, कारण ते कुणी मोजलेलेच नसते.

ही पुस्तिका त्या न मोजलेल्या गोष्टीविषयी आहे. कायमचा पेसमेकर बसवलेली मुले किती धावू शकतात, कुठे अडतात, आणि त्या अडण्यात हृदयाचा वाटा किती, यंत्राच्या सेटिंगचा किती आणि आपल्या मोठ्यांच्या धास्तीचा किती, हा तिचा विषय. मी आयुष्यभर वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले. पेसमेकर बसवणारा मी नव्हे. त्यामुळे ही प्रस्तावना त्या बाजूनेच लिहिली आहे. हस्तलिखित वाचून माझे मत पक्के झाले ते असे, की ज्यांच्या हृदयाची बांधणी मुळात ठीक आहे अशा मुलांत हृदयाचा वाटा आपण समजतो त्याहून लहान असतो. उरलेल्या दोन वाट्यांवर इलाज आहे, आणि तो स्वस्त आहे. मात्र त्यासाठी मुलाला पळवून पाहावे लागते. टेबलावर झोपवून तपासलेला मुलाचा पेसमेकर अर्धाच तपासलेला असतो.

आपले इंदूर हे खेळणाऱ्यांचे गाव. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, तो काळ प्रत्यक्ष पाहिलेले आता फारसे उरले नाहीत, पण सी. के. नायडू आणि मुश्ताक अली ही नावे रामबागेतल्या आणि लोकमान्यनगरातल्या मराठी घरांत अजून घरच्या माणसांसारखी घेतली जातात. नायडू साठी उलटल्यावरही रणजीचे सामने खेळले, हे तर ज्येष्ठांच्या कट्ट्यावर दर हिवाळ्यात एकदा निघतेच. मल्लखांब २०१३पासून मध्य प्रदेशचा राज्यक्रीडाप्रकार आहे. नवरात्रात नऊ रात्री गरबा चालतो. अशा गावात मैदानाच्या कडेला बसलेले मूल व्यायामाला मुकते, आणि त्याहून जास्त ते मित्रांना मुकते. संध्याकाळी पाच ते सात या वेळात जी दोस्ती होते, ती वर्गात होत नाही.

पेसमेकरचा इतिहास सांगताना सहसा सुरुवात स्वीडनपासून करतात. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ओके सेनिंग या शल्यविशारदाने रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवलेले यंत्र अर्ने लार्सन नावाच्या त्रेचाळीस वर्षांच्या माणसाच्या शरीरात पूर्णपणे आत बसवले. ते काही तासांतच बंद पडले. लार्सन मात्र एकामागून एक अशी वीसहून अधिक यंत्रे बदलत २००१पर्यंत जगले. गोष्ट सुरेख आहे, पण आपल्या विषयाची खरी सुरुवात त्याच्या वर्षभर आधी, अमेरिकेत मिनिआपोलिसला झाली, आणि ती मुलांच्या वॉर्डात झाली.

वॉल्टन लिलेहाय तिथे मुलांच्या हृदयातली जन्मजात भोके शिवत होते. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातले भोक शिवताना कधी कधी टाका विद्युतवाहक तंतूंच्या जुडग्यावर पडे. वरच्या कप्प्याचा संदेश खाली पोचेना, ठोके तीस-चाळीसवर येत, आणि शस्त्रक्रिया छान होऊनही मूल हातचे जाई. १९५७च्या जानेवारीत लिलेहाय यांनी थेट हृदयाच्या स्नायूत तार रोवून बाहेरच्या यंत्राने ठोके देणे सुरू केले. यंत्र ढकलगाडीवर, आणि त्याची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये. मूल बरे होऊन हिंडू-फिरू लागले तरी वायरीच्या लांबीइतकेच फिरे. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला शहरातली वीज गेली. तेव्हा लिलेहाय यांनी रुग्णालयाची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन या तरुण अभियंत्याला बॅटरीवर चालणारे काही तरी करायला सांगितले. बॅकन यांना इलेक्ट्रॉनिक्सच्या एका लोकप्रिय मासिकात छापलेले मेट्रोनोमचे, म्हणजे संगीताचा ताल मोजणाऱ्या यंत्राचे, ट्रान्झिस्टर सर्किट आठवले. ते वापरून त्यांनी महिनाभरात तळहातावर मावेल एवढी डबी तयार केली. ती गळ्यात अडकवून मुले वॉर्डाबाहेर चालू लागली.

म्हणजे बॅटरीवरचा पेसमेकर जन्मला तोच मुलांना खाटेवरून उठता यावे म्हणून. पुढे तो म्हाताऱ्यांचा झाला. आज पेसमेकर बसवून घेणाऱ्यांत बहुसंख्य लोक साठी-सत्तरीपलीकडचे असतात. यंत्राचा आकार, बॅटरीचा हिशोब, कारखान्यातून येणारी सेटिंगे हे सगळे त्यांच्या चालीने ठरते. त्यात चूक काही नाही, बाजार तिकडे आहे. मात्र मुलाच्या छातीत बसणारे यंत्र आजोबांच्या मापाने शिवलेले असते, एवढे आईवडिलांनी पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

मुलांना पेसमेकर लागतो तो मुख्यतः दोन वाटांनी. एक वाट वर आली : शस्त्रक्रियेनंतरचा हार्ट ब्लॉक. आता तंत्र पुष्कळ सुधारले आहे, तरी जन्मजात हृदयदोषांच्या शस्त्रक्रियांत शंभरात एक ते तीन मुलांना तो होतो. शल्यविशारद साधारण सात ते दहा दिवस वाट पाहतात, कारण सूज उतरली की पुष्कळदा मार्ग आपोआप मोकळा होतो. न झाल्यास कायमचे यंत्र. दुसरी वाट जन्माआधीची. दर पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला जन्मजात संपूर्ण हार्ट ब्लॉक असतो. यात बहुतेक वेळा आईच्या रक्तातली अँटी-रो नावाची प्रतिद्रव्ये नाळेतून बाळाकडे जातात आणि वाहक तंतूंना इजा करतात. पुष्कळ आयांना स्वतःला काहीच त्रास नसतो. बाळाचे निदान झाल्यावरच त्यांची तपासणी होते. इथे पुस्तिकेने दोन पाने आईसाठी ठेवली आहेत हे मला फार योग्य वाटले. 'माझ्यामुळे झाले' हे ओझे घेतलेली आई मुलाला एक पाऊलही पळू देत नाही. तिने गरोदरपणी काय खाल्ले, कुठे गेली, ग्रहणात काय चिरले, याचा या आजाराशी काडीचाही संबंध नाही, हे तिला सासूसमोर सांगितलेले बरे. पुढच्या गरोदरपणात मात्र डॉक्टरांना आधीच कल्पना द्यायला हवी, कारण धोका पुन्हा असतो आणि आता त्यावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखे औषध वापरले जाते.

आता मूळ मुद्दा, धावण्याचा. १८७०मध्ये आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलेले गणित आजही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाठ करावे लागते. शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरते ते तीन गोष्टींवर ठरते : हृदयाचे ठोके किती, एका ठोक्यात रक्त किती फेकले जाते, आणि स्नायू त्या रक्तातून प्राणवायू किती काढून घेतात. दहा-अकरा वर्षांचे निरोगी मूल बसलेले असताना ठोके ऐंशीच्या घरात असतात. जीव तोडून पळाले की एकशे नव्वद ते दोनशे. म्हणजे जवळजवळ अडीचपट. एका ठोक्याचे रक्त मात्र त्याच वेळात चौथाई-तिहाईच वाढते. पळण्यासाठी लागणारी जादा रसद हृदय मुख्यतः ठोके वाढवूनच पुरवते. मोठ्या माणसाचेही तसेच, पण मुलाचे जास्त, कारण लहान हृदयाला एका ठोक्यात फेकायची मात्रा वाढवायला वाव कमी. ठोके अडवले की मूल अडते.

गंमत अशी की जन्मजात ब्लॉक असलेली आणि अजून पेसमेकर न बसलेली काही मुले बऱ्यापैकी पळतात. त्यांचे हृदय संथ असते पण आकाराने मोठे होते, एकेका ठोक्यात जास्त रक्त फेकते, आणि पळताना खालच्या कप्प्याचा स्वतःचा ठोकाही थोडा वाढतो. म्हणून सुरुवातीची वर्षे हे पोर 'जरा लवकर दमते' एवढ्यावर निभते. पेसमेकर बसल्यानंतर हे सगळे यंत्राच्या हाती जाते, आणि तिथून सेटिंगची कहाणी सुरू होते.

ती नीट कळण्यासाठी एक मुलगा डोळ्यासमोर आणा. वय अकरा, जन्मजात ब्लॉक, दोन तारांचा पेसमेकर. वरची तार वरच्या कप्प्याचा ठोका ऐकते, खालची तार तो ऐकल्यावर खालच्या कप्प्याला ठोका देते. त्याची नैसर्गिक गती ठरवणारी गाठ उत्तम आहे. पळाल्यावर ती दोनशेपर्यंत जाईल. यंत्राची वरची मर्यादा मात्र एकशे तीसवर आहे, कारण बऱ्याच यंत्रांत ती कारखान्यातून येतानाच एकशे वीस-तीसच्या आसपास असते आणि नंतर कुणी ती हलवलेली नाही. आणखी दोन आकडे आहेत. वरचा ठोका ऐकल्यावर खालचा देईपर्यंत यंत्र १५० मिलिसेकंद थांबते. खालचा दिल्यावर वरच्या तारेकडे २५० मिलिसेकंद मुद्दाम दुर्लक्ष करते, नाही तर उलट दिशेने आलेला संदेश ऐकून ते स्वतःच्याच मागे धावत सुटेल. दोन्ही मिळून झाले ४००. एका मिनिटात ६०,००० मिलिसेकंद. त्याला ४००ने भागा, आले १५०.

मुलगा ट्रेडमिलवर चढतो. ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिल्या टप्प्यात ताशी २.७ किलोमीटर आणि दहा टक्के चढ, म्हणजे चालणेच. पोरगा आईकडे बघून हसतो. दुसऱ्यात वरचे ठोके एकशे वीस, खालचेही एकशे वीस, सगळे जुळून. तिसरा टप्पा सुरू होतो, पट्टा ताशी साडेपाच किलोमीटरवर, चढ चौदा टक्के. वरचे ठोके एकशे तीस ओलांडतात आणि कागदी पट्टीवर मधूनच एखादा खालचा ठोका गळू लागतो. मुलगा अजून पळतो आहे, फक्त चेहऱ्यावरचे हसू गेले आहे. वरचे ठोके एकशे पन्नासच्या पुढे गेले, की दर दुसरा ठोका दुर्लक्षाच्या वेळेत पडतो आणि यंत्राला ऐकूच येत नाही. खालची गती एका क्षणात एकशे तीसच्या आसपासून पंचाहत्तरवर. ज्या घडीला शरीराला सर्वांत जास्त रक्त हवे, त्याच घडीला पुरवठा जवळजवळ निम्मा. मुलगा दोन्ही हातांनी कठडा धरतो आणि म्हणतो, पायातला जीव गेला.

हे मैदानावर झाले असते तर? पोरगा पळता पळता मध्येच थांबतो, वाकून गुडघ्यावर हात ठेवतो, मिनिटाभरात ठीक होतो. सर म्हणतात नाटकी आहे, शेजारी म्हणतात दमा असेल, आजी म्हणते मी सांगतच होते. दवाखान्यात नेले तर झोपवून काढलेला ईसीजी स्वच्छ, बॅटरी उत्तम, तारा जागच्या जागी. आणि कार्डावरची ती ओळ पुन्हा नव्याने लिहिली जाते.

उपाय प्रोग्रॅमरच्या, म्हणजे बाहेरून सेटिंग बदलणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर आहे. पळताना थांबण्याची वेळ आपोआप कमी व्हावी असे सेटिंग चालू केले, आणि दीडशेची शंभर झाली. दुर्लक्षाची वेळ दोनशेवर आणली. बेरीज ३००, आता ठोके निम्मे होण्याची हद्द दोनशेवर गेली. वरची मर्यादा एकशे ऐंशीवर नेली. कात्री नाही, भूल नाही, छातीवर ठेवलेल्या एका सपाट वँडमधून हे होते. अर्थात हे आकडे पाठ करून कुणी डॉक्टरांशी हुज्जत घालू नये. कुणाचे हृदय अशक्त असते, त्याला एकशे ऐंशी झेपणार नाही; कुणात दुर्लक्षाची वेळ कमी केली तर यंत्र खरोखरच चक्रात अडकते. विचारायचे एवढेच, की याची वरची मर्यादा किती आहे, आणि ती याला पळवून ठरवली आहे का?

ज्यांची नैसर्गिक गाठच दुबळी आहे, किंवा ज्या तान्ह्यांना एकाच तारेचे यंत्र बसले आहे, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे ऐकायला वरचा ठोका भरवशाचा नसतो, म्हणून यंत्र अंगाच्या हालचालीवरून अंदाज करते. डबीत एक संवेदक असतो. अंग हलले की तो ठोके वाढवतो. कल्पना छान, पण तो कष्ट मोजत नाही, हादरे मोजतो. जिना चढताना कष्ट जास्त आणि उतरताना हादरे जास्त, म्हणून असा पेसमेकर उतरताना ठोके जास्त वाढवू शकतो. सायकल चालवताना पाय घामाघूम पण धड स्थिर, तर संवेदक झोपलेला. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर रिक्षात नुसते बसलेल्या मुलाचे ठोके वाढतात. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या काही रस्त्यांवर हा प्रयोग फुकटात करता येईल. लहान मुलांत डबी छातीऐवजी पोटाच्या भिंतीत असते आणि तारा हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर टाचलेल्या असतात, त्यामुळे हादरे वेगळेच पोचतात. संवेदक किती हळवा ठेवायचा याचा नियम पुस्तकात सापडत नाही. मुलाला दवाखान्याच्या जिन्यावरून दोनदा पळवायचे, परत आल्यावर यंत्राची नोंद वाचायची, बटण थोडे फिरवायचे, पुन्हा पळवायचे. श्वासाच्या खोलीवरून अंदाज करणारे संवेदकही आहेत. ते सायकलला जास्त न्याय देतात.

यंत्राच्या नोंदीत एक साधा स्तंभालेख असतो. गेल्या काही महिन्यांत हृदय किती वेळ कोणत्या गतीने चालले ते त्यात दिसते. दहा वर्षांच्या मुलाचे सगळे स्तंभ साठ-सत्तर-ऐंशीच्या रकान्यात दाटीवाटीने उभे आणि पुढे मैदान मोकळे असेल, तर एक तर संवेदक झोपला आहे किंवा मुलाला बसवून ठेवले आहे. आईवडिलांनी हे पान मागून घ्यावे. वजनकाट्याच्या पावतीइतके ते वाचायला सोपे आहे.

मग पेसमेकर असलेली मुले प्रत्यक्षात किती पळतात? निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांतून साधारण हेच दिसते की जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता सरासरीने बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी असते, पण फरक मुलागणिक फार मोठा असतो. ज्यांच्या हृदयात ब्लॉकशिवाय दुसरा दोष नाही अशांपैकी कित्येक जण बरोबरीच्या मुलांच्या जवळ पोचतात. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रिया झालेली मुले मागे राहतात, आणि तिथे दोष पेसमेकरचा नसून मूळ आजाराचा असतो. सेनिंग यांचे नाव इथे पुन्हा येते : महारोहिण्या अदलाबदल झालेल्या बाळांसाठी त्यांनी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस जी शस्त्रक्रिया काढली, तिच्यातून वाचलेल्यांपैकी कित्येकांना पुढे नैसर्गिक गाठ थकल्यामुळे पेसमेकर लागला. एकाच माणसाच्या दोन शोधांची अशी गाठ पडली.

तार हृदयाच्या कोणत्या भागाला टोचली आहे यालाही महत्त्व आहे. यान यानोउशेक आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये एकवीस केंद्रांतल्या १७८ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. डाव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी किंवा बाजूच्या भिंतीवर तार असलेल्या मुलांच्या हृदयाची ताकद टिकून राहिल्याचे, आणि उजव्या बाजूच्या काही जागांवरून ठोके दिलेल्यांची घटल्याचे तिच्यात दिसले. वर्षानुवर्षे उजवीकडून ठोके दिल्याने थोड्या मुलांचे हृदय सैल पडते. अशा मुलाच्या दमण्याला सेटिंग पुरत नाही. म्हणून दरवर्षीचा इको चुकवायचा नसतो, मूल कितीही टुणटुणीत दिसो.

कोणते खेळ खेळावेत यावर पुस्तिकेत सविस्तर प्रकरण आहे, मी त्यातल्या दोनच गोष्टींवर थांबतो, कारण त्या आपल्या मातीतल्या आहेत. पहिली मल्लखांब. धावण्याला, सायकलला, बॅडमिंटनला, पोहण्याला जखम आणि तारा पक्क्या झाल्यावर सहसा आडकाठी नसते. कुस्ती, मुष्टियुद्ध, कबड्डी यांत छातीवर आपटी बसते, म्हणून जी मुले पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहेत त्यांनी ते टाळावे, यावर बहुतेकांचे एकमत आहे. मल्लखांब या दोन्हींच्या मधे पडतो. त्यात कुणी अंगावर येत नाही, पण छाती आणि पोट लाकडावर दाबले जाते, दोन्ही हात डोक्यावर जाऊन शरीराचा भार खांद्यावर येतो, आणि कॉलरबोनखालून गेलेली तार तिथेच चेमटते. पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत हा खेळ असणार नाही हे उघड आहे. तेव्हा आपल्याकडच्या वस्तादाने आणि डॉक्टरने एकत्र बसूनच ठरवावे लागेल. माझा कौल विचाराल तर अशा मुलाला खांबावर चढवू नये. त्याच आखाड्यात जोर-बैठका आणि सूर्यनमस्कार घालू द्यावेत, आणि त्याला आखाड्यातून घालवू तर मुळीच नये.

दुसरी क्रिकेट. इंदुरात मुलाला क्रिकेट खेळू नको म्हणणे म्हणजे त्याला गल्लीतून हद्दपार करणे. टेनिस बॉलला हरकत नाही. सीझन बॉल असेल तर डबीवर गादीचे कवच. जलद गोलंदाजीत खांदा हजारो वेळा फिरतो आणि त्या बाजूची तार झिजते, म्हणून डबी बसवतानाच शल्यविशारदाला विचारावे लागते, मुलगा कोणत्या हाताने चेंडू टाकतो? हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी विचारलेला मी फार थोड्या वेळा ऐकला आहे. पोर वाढते तशी तारही ताणली जाते. म्हणून लहानपणी आत तिचा जादा वेढा सोडून ठेवतात. धडधाकट मुलाला अचानक भोवळ आली, तर उन्हाला किंवा उपाशी पोटाला दोष देण्याआधी तारेचा एक्स-रे काढावा.

मुलींचे प्रकरण पुस्तिकेत आहे, पण मला ते आखूड वाटले. मुलग्याला निदान मित्र ओढून नेतात. मुलीला 'नाजूक आहे ती' म्हणून दुहेरी कोंडी होते, आणि बारा-तेराव्या वर्षापासून डबीचा उंचवटा, कॉलरबोनखालचा व्रण, पुढे लग्नाचे काय, अशी कुजबुज घरातच सुरू होते. पेसमेकर असलेल्या बायका बाळंत होतात आणि मुले वाढवतात. गरब्यात नाचणाऱ्या मुलीला दोन गोष्टी पुरेत : ठोके वाढायला यंत्रात जागा ठेवलेली असावी, आणि तिने अजस्र स्पीकरला छाती टेकून उभे राहू नये, कारण त्यातल्या चुंबकाने पेसमेकरचे ऐकणे तेवढ्यापुरते बंद होऊ शकते. चार पावले लांब नाचले की झाले.

आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. इंदुरात माळव्यातून आणि निमाडातून मुले येतात : धार, झाबुआ, खरगोन, खंडवा, बुऱ्हाणपूर. पुष्कळ मराठी कुटुंबे शस्त्रक्रियेसाठी अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठतात, कारण तिथे मामा-मावशी असतात. यंत्र मुंबईत बसते, मूल इंदुरात वाढते, आणि दोन्हींच्या मध्ये सेटिंग तसेच राहून जाते. सरकारी मदत, म्हणजे मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना किंवा आयुष्मान कार्ड, शस्त्रक्रियेपर्यंत पोचवते. ट्रेडमिलवरच्या पाठपुराव्याची आठवण कुणी करून देत नाही. हे सगळे अशा भागात घडते जिथे पेसमेकर बनतात : इंदूरपासून तासाभराच्या आत, पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत, १९८८ साली स्थापन झालेली श्री पेसट्रॉनिक्स ही कंपनी भारतीय पेसमेकर तयार करते. यंत्र बनवण्याची विद्या तासाभरावर आणि यंत्र मुलाच्या मापाने बसते का ते पाहण्याची सोय रात्रभराच्या प्रवासावर, हे काही बरे दिसत नाही. मोठी प्रयोगशाळा लागते असेही नाही. नळीतून श्वास मोजणारी महागडी तपासणी मिळाली तर उत्तम. नाही तर ट्रेडमिल, तेही नसेल तर वीस मीटरवर दोन खुणा करून शिट्टीच्या तालावर ये-जा, आणि सोबत प्रोग्रॅमर घेऊन उभा असलेला तंत्रज्ञ.

पुस्तिकेत काय नाही तेही सांगतो. धोकादायक लयीला आतूनच झटका देणारे आयसीडी हे यंत्र पेसमेकरसारखे दिसते, पण त्याचे खेळाचे नियम निराळे आहेत. इथला कोणताही सल्ला त्या मुलांना लावू नये. एकाच खालच्या कप्प्यावर जगणाऱ्या मुलांचाही विचार इथे केलेला नाही.

शेवटच्या पानावर शाळेसाठी एक पत्राचा नमुना आहे. त्यात 'जड व्यायाम' हा शब्दप्रयोग नाही. त्याऐवजी डॉक्टरांनी भरायचे चार रकाने आहेत : यंत्राची वरची मर्यादा, ती कोणत्या तारखेला पळवून तपासली, कोणते खेळ नकोत, आणि मूल खाली बसले तर सरांनी काय करायचे. तपासणीची वेळ मे महिन्याच्या सुट्टीत घ्यावी, म्हणजे शाळा उघडायच्या आत सेटिंग बदलून पुन्हा एकदा पळवून बघता येते. सकाळी हलके खाऊन यावे, पेसमेकरचे ओळखपत्र बरोबर असावे, आणि मुलाच्या पायात बूट असावेत. निम्मी मुले सँडल घालून येतात, आणि मग ट्रेडमिलवर हृदयाआधी पट्टा सुटतो.